जीन्स, बोल्ट आणि आरशासारखा वाडगा

इन्स्टाग्रामवर लाकूडकामाची रील्स बघत असाल तर हा प्रकार ओळखीचा असेल. सालीसकट एक ओबडधोबड ओंडका गरागरा फिरतोय, पटाशी लागते, रिबिनीसारखी सालटं उडतात आणि तीस सेकंदांत समोर एक देखणा वाडगा. शेवटच्या पाच सेकंदांत कुठूनतरी एक पांढरं, कापसासारखं चाक येतं, वाडगा त्याला टेकतो आणि लाकूड एकदम चमकायला लागतं. कमेंटमध्ये सगळे बदाम टाकतात. त्या चाकाबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

त्या चाकाला म्हणतात बफ. आणि ही गोष्ट त्या शेवटच्या पाच सेकंदांची आहे, जी प्रत्यक्षात तास-दीड तास चालते. ते चाक, त्याचा दांडा, वाडग्याच्या आत शिरणारा घुमट, हे सगळं घरी बनवता येतं. अर्धं तर तुमच्या कपाटात पडलेलं आहे.

तसं लेथवरचं लाकूडकाम आपल्याला नवं नाही. पोळपाट-लाटणं, भोवरा, पाळण्याचे गोल खांब ही सगळी कातकामाचीच पोरं. हे काम करणारे ते कातारी. सावंतवाडीची लाकडी खेळणी तर सगळ्यांना माहीत आहेत. फक्त आता नवे कातारी दिसायला लागलेत. दिवसा कंपनीत ड्यूटी, रविवारी टेबलावर मावणारी छोटी लेथ आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाकडाचा भुसा. माझा मावसभाऊ त्यातलाच. डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरी भोसरीत. त्याच्याकडे दोन रविवार भुशात बसून मी हे शिकून आलेय.

तीन चाकं, तीन कामं

आधी मुळात बफिंग का, ते. सँडपेपरने लाकूड गुळगुळीत होतं, पण सँडपेपर म्हणजे शेवटी बारीक ओरखडेच. चारशे नंबरचा पेपर मारला तरी ओरखडे उरतात, फक्त ते नजरेला दिसत नाहीत. प्रकाश त्यांच्यावर पडून विखुरतो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. हे ओरखडे आणखी बारीक करत नेले की प्रकाश सरळ परततो. तीच चकाकी.

जगभरातले हौशी कातारी यासाठी तीन चाकांची पद्धत वापरतात. ती लोकप्रिय केली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेरी बील यांनी. त्यांच्या नावाचा संच आजही विकला जातो. पहिल्या चाकावर ट्रिपोली लावायची. ही तपकिरी वडी असते, झिजलेल्या सिलिकायुक्त दगडाच्या बारीक भुकटीची. नाव लिबियाच्या राजधानीवरून आलंय. दुसऱ्या चाकावर ‘व्हाइट डायमंड’. नावात हिरा असला तरी आत हिरा-बिरा काही नाही, ट्रिपोलीहून बारीक असं पांढरं घर्षकच आहे. तिसऱ्यावर कार्नोबा. हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर साठणारं मेण.

या कार्नोबातच खरी गंमत आहे. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. कार्नोबाला ८२ ते ८६ अंश लागतात. म्हणजे ते कडक असतं, बोटांच्या उबेने मऊ पडत नाही, ठसे कमी उमटतात. पण त्याच कारणाने फडक्याने चोळून ते नीट लागतही नाही. हाताने कितीही घासा, एवढी उष्णता येणार कुठून? ती येते फिरत्या चाकाच्या घर्षणातून. चाक टेकतं तिथे मेण क्षणभर वितळतं, पसरतं आणि लगेच घट्ट होतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी दाबतात तेव्हा लाख अशीच घर्षणाने वितळते. मग ते केवड्याच्या जातीच्या पानाने तिला घोटून चमक आणतात. थोडक्यात, चाक ही चैन नाही. त्याच्याशिवाय हे मेण कामच करत नाही.

मग अडचण काय? परदेशी संच मागवायचा तर किंमत, पाठवणी, वर कस्टम. आणि तो आला तरी त्याचा दांडा आपल्या लेथला बसेलच असं नाही.

वाड्याचा खांब

दादाने सुरुवातीला तेच केलं जे बहुतेक जण करतात. बाजारातून आठ इंची कापडी बफ आणला आणि घरातल्या बेंच ग्राइंडरवर दगडाच्या जागी चढवला. दोन-तीन छोट्या वाट्या छान निघाल्या. मग आला आजोळचा खांब.

साताऱ्याकडचा आमचा वाडा पाडला तेव्हा बाकी सगळं लाकूड भंगारवाल्याने नेलं. माजघराचा एक सागवानी खांब तेवढा मामाने ठेवून घेतला होता. भावंडं पाच: दोन मामा, दोन मावश्या आणि माझी आई. दादाने ठरवलं, खांबातून पाच वाडगे काढायचे, प्रत्येकाला एक. वरचा भाग वाळवीने खाल्लेला, मध्ये खिळे. चांगलं लाकूड निघालं ते बरोबर पाच वाडग्यांपुरतंच, सहावा होणं शक्य नव्हतं.

तीन वाडगे झाले. चौथ्याच्या वेळी ग्राइंडरवरच्या बफने वाडग्याची वरची कड पकडली. हातातून सुटून वाडगा थेट भिंतीवर. काठाचा दोन बोटं रुंद तुकडा उडाला. दादाच्या अंगठ्याला खरचटण्यावर निभावलं. मावशी वरून धावत आली आणि तिने आधी अंगठा बघितला, मग वाडगा, मग काही न बोलता परत वर गेली. ‘ओरडली असती तर बरं वाटलं असतं,’ असं दादा म्हणतो.

पण पुढे त्याने जे केलं ते मला जास्त आवडलं. रागारागात दुसरा बफ आणायला न जाता तो कागद-पेन घेऊन बसला. हिशेब तुम्हीही करून बघा. आठ इंची चाकाचा परीघ होतो साधारण ६४ सेंटिमीटर. बेंच ग्राइंडरची मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेरे मारते. म्हणजे चाकाचा काठ ताशी १०७ किलोमीटरने धावतो. एक्स्प्रेस-वेवर गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून वाडगा धरल्यासारखं आहे हे!

मग योग्य वेग किती? अमेरिकन पुस्तकांत आणि व्हिडिओंत आठ इंची चाकासाठी १७५०च्या आसपासचा आकडा सारखा येतो. त्यात जादू काही नाही. तिथली वीज ६० हर्ट्झची, आणि तिथली चार पोलची साधी मोटर १७२५-१७५० फेऱ्यांवरच चालते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ. तशीच मोटर आपल्याकडे सुमारे १४४० फेरे देते. काठाचा वेग पडतो ताशी ५५ किलोमीटर आणि तो बफिंगला पुरतो. ग्राइंडरची मोटर दोन पोलची, म्हणून तिचा वेग दुप्पट. हे गणित डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात असतं म्हणे. परीक्षेत पाच मार्कांना.

ग्राइंडरची दुसरी खोड म्हणजे त्याचा दांडा आखूड असतो. मोठा वाडगा चाकावर फिरवायला गेलं की तो मोटरच्या अंगावर आपटतो. त्यामुळे हात अवघडतो, कोन चुकतो. लेथवर दोन्ही प्रश्न सुटतात. वेग कमी-जास्त करता येतो, आणि दांडा आपल्याला हवा तेवढा लांब करता येतो. तो दांडा बनवणं हेच खरं काम.

दांडा: इथे कंजुषी नाही

दादाचा दांडा बाभळीचा आहे. दोन इंच जाड, आठ इंच लांब. एका टोकाला चकमध्ये बसेल अशी गोल पकड कातली. दुसऱ्या टोकाला भोक पाडून त्यात १२ मिलिमीटरची आट्यांची सळई एपॉक्सीने कायमची बसवली. इथे एक बारकावा आहे. भोक हातातल्या ड्रिलने पाडायचं नाही. लाकूड चकमध्ये धरायचं, ड्रिल लेथच्या मागच्या टेलस्टॉकमध्ये आणि लेथवरच भोक पाडायचं. तरच सळई बरोबर मध्यावर येते. एपॉक्सी वाळल्यावर दांडा पुन्हा लेथवर चढवून, सळईच्या टोकाला टेलस्टॉकचा आधार देऊन, बाहेरून परत एकदा कातायचा. सळई एक मिलिमीटरने जरी बाजूला असली तरी चाक थडथडतं, आणि थडथडणारं चाकच कडा पकडतं.

सळईवर आधी एक नट आणि मोठा वॉशर, मग चाक, मग पुन्हा मोठा वॉशर आणि शेवटी डोक्याला बंद असलेला डोम नट. साधा नट लावला तर सळईचं टोक बाहेर डोकावतं आणि सगळं पॉलिश झाल्यावर वाडग्याच्या पोटात एक छान ओरखडा काढतं. लेथ सरळ दिशेने फिरत असेल तर वाडग्याचा दाब हा नट आणखी आवळतो. उलटी फिरवली तर सैल करतो. त्यामुळे तुमच्या लेथला रिव्हर्सचं बटण असेल तर बफिंगच्या वेळी ते विसरा.

ज्यांच्याकडे चक नाही ते मोर्स टेपरचा दांडा वापरतात. लेथच्या पोकळ स्पिंडलमध्ये नुसता खुपसून बसणारा हा निमुळता दांडा १८६०च्या दशकापासून चालत आलाय. छोट्या लेथना बहुधा दोन नंबरचा लागतो. त्याचा उतार दर २० मिलिमीटरला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून तो घर्षणाने घट्ट रुततो. ड्रिलिंग करताना दाब सरळ आत असतो, तिथे हा मस्त. बफिंगमध्ये दाब बाजूने येतो आणि समोर टेलस्टॉकही नसतो. थरथरत थरथरत तो सुटू शकतो. सुटला तर फिरतं चाक दांड्यासकट तुमच्या अंगावर. उपाय स्वस्त आहे: दांड्याच्या मागच्या टोकाला आटे असलेला टेपर घ्यायचा, लेथच्या मागून आरपार एक लांब आट्यांची सळई घालून त्यात फिरवायची आणि मागे नटने आवळून टाकायची. शंभर व्हिडिओंपैकी बऱ्याच जणांनी ही सळई लावलेली नसते. तुम्ही लावा.

आणि थेट स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा लोखंडी दांडा हवा असेल तर तो घरी करायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे प्रत्येक एमआयडीसीत, गल्लीबोळात लेथवाले बसलेत. मात्र जाताना आपल्या लेथचा एखादा नट किंवा फेसप्लेट सोबत न्या. ‘एक इंची, इंचाला आठ आटे’ की ‘३३ मिलिमीटर, साडेतीनचा पिच’ हे तोंडी सांगण्यापेक्षा हातात दिलेलं बरं.

चाक: आता कपाट उघडा

इथे मात्र मनसोक्त जुगाड चालतो. घट्ट विणीची जुनी जीन्स ट्रिपोलीच्या चाकाला फारच चांगली. अट एकच, शंभर टक्के सुती हवी. हल्लीच्या स्ट्रेच जीन्समध्ये इलास्टेन आणि पॉलिस्टर असतं. घर्षणाने हे धागे मऊ पडतात आणि लाकडावर डाग सोडतात. म्हणजे आपल्यापेक्षा बाबांची जीन्स जास्त कामाची. कंबरेच्या आतलं लेबल वाचा आणि परवानगी घेऊन कापा. भरपूर धुतलेली, विटलेली असेल तर उत्तम. नव्या जीन्सची निळी फिक्या लाकडावर उतरू शकते.

सहा इंचाच्या गोल चकत्या कापायच्या, वीसेक तरी. चकत्या एकावर एक ठेवताना प्रत्येक चकती थोडी फिरवून ठेवायची, म्हणजे धाग्यांची दिशा बदलत राहते आणि चाक सगळीकडून सारखं पिंजतं. शिवायचं मात्र चार-चारच्या गठ्ठ्यांत. वीस थर एकदम घरच्या शिलाई मशीनखाली घालायचा प्रयोग दादाने करून झालाय. मावशीच्या तीन सुया गेल्या. आता मशीनला कुलूप असतं.

शिलाई गोल-गोल, आतून बाहेर वर्तुळं काढत. आणि चाकाचा स्वभाव ठरतो तो इथेच. वर्तुळं जवळजवळ असतील तर चाक कडक होतं आणि जास्त घासतं. लांब असतील तर मऊ. ट्रिपोलीचं चाक कडक हवं, त्याला अर्ध्या-पाऊण इंचावर शिलाई. व्हाइट डायमंडला जुन्या सुती चादरीचे थर, शिलाई विरळ. मेणाच्या चाकाला फक्त मध्याजवळ एक वर्तुळ, बाकी सगळं मोकळं. त्यासाठी मऊ फ्लॅनेल घ्या. बाळाच्या दुपट्यांचं कापड असतं ना, तेच. शिवणकाम झेपत नसेल तर पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. तिथे तयार कापडी बफ मिळतात, शिवाय पॉलिशच्या वड्याही. दुकानदार त्यांना बफिंगचा साबण म्हणतात. लोखंड-पितळेसाठीच्या काळ्या-हिरव्या वड्या लाकडाला घेऊ नका, रंग शिऱ्यांत बसतो.

नवं चाक पहिल्यांदा फिरवलं की पार्किंगमध्ये निळा बर्फ पडतो. जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या दात्यांची बाजू हलकेच टेकवून सुटे धागे काढून टाकायचे. दोन मिनिटांत चाक गोल होतं. आणि चाकांवर मार्करने नावं लिहा. एकदा ट्रिपोली लागलेलं चाक कायमचं ट्रिपोलीचंच. त्याला मेण लावलं की दोन्ही वाया.

वाडग्याच्या पोटात हे चाक शिरत नाही. त्यासाठी हवा घुमट. दादाकडचा घुमट मूळ बफिंगसाठी बनलेलाच नव्हता. काठ फुटलेला चौथा वाडगा परत लेथवर धरायला तळाची पकड उरली नव्हती, ती आधीच कातून काढलेली. म्हणून त्याने लाकडाचा एक अर्धगोल कातला, त्यावर फोमचा तुकडा चिकटवला, वाडगा त्यावर उपडा घातला आणि समोरून टेलस्टॉकने तळाला दाबून धरला. असा चिमटीत पकडून फुटका काठ पूर्ण उतरवला. वाडगा बोटभर उथळ झाला, पण शाबूत. तो धाकट्या मामाकडे आहे. त्याला हे सगळं माहीत आहे आणि तो मुद्दाम पाहुण्यांना सांगतो.

तर तोच अर्धगोल. फोमवर सुती कापडाचे तीन-चार थर ओढून मागे पाइपाच्या क्लॅम्पने आवळले की आतला बफ तयार. तिन्ही वड्यांसाठी तीन कापडं, घुमट एकच. चक्कर एवढीच की घुमट लहान, म्हणून त्याच फेऱ्यांना काठाचा वेगही कमी पडतो. तीन इंची घुमट १४४० फेऱ्यांवर ताशी २० किलोमीटरचाच होतो. इथे वेग थोडा वाढवला तर चालतं. क्लॅम्पचा स्क्रू मात्र कापडाखाली झाकलेला हवा.

आता धरायचा कसा

लेथसमोर उभं राहिलं की चाकाचा पुढचा भाग वरून खाली जात असतो. वाडगा चाकाच्या मध्याच्या खाली टेकवायचा. तिथून सुटलाच तर खाली लेथवर पडतो, तोंडावर येत नाही. म्हणून लेथच्या पट्ट्यांवर जुनी गोधडी टाकून ठेवायची. आणि कडेच्या बाबतीत, चाक कडेवरून बाहेर निसटत गेलं पाहिजे. कडेवर आदळत आत शिरता कामा नये. चौथ्या वाडग्याचं नेमकं हेच झालं होतं. आधी फुटक्या लाकडाच्या तुकड्यावर दहा मिनिटं सराव करा, हात आपोआप शिकतो.

वडी चाकाला सेकंदभरच टेकवा. जास्त लावली की लाकडावर चट्टे पडतात. आंब्यासारख्या फिक्या लाकडाच्या रंध्रांत तपकिरी ट्रिपोली अडकून बसते, तिथे सरळ व्हाइट डायमंडपासून सुरुवात केलेली बरी. तेलाचं फिनिश दिलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या, चांगले काही दिवस. ओलसर तेलावर चाक लावलं की दोघांचाही चिखल. शिवाय जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. उघडी पसरून वाळवा. आणि आधीचं सँडिंग कच्चं असेल तर बफ ते झाकत नाही, उलट पेटत्या ट्यूबलाइटखाली दाखवून देतो.

मास्क हवाच, ट्रिपोलीच्या धुळीत सिलिका असते. चष्मा हवा. हातमोजे मात्र अजिबात नकोत. फिरत्या चाकात मोज्याचं टोक गेलं तर हातही जातो. ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस, इयरफोनची वायर, सगळं बाजूला. मला दादाने केस बांधल्याशिवाय पार्किंगमध्ये उभंच केलं नाही.

एवढं करून येणारी चकाकी कायमची असते का? नाही. कार्नोबा कडक असलं तरी थर अगदी पातळ असतो. पाण्याचे थेंब राहिले तर डाग दिसतात, गरम आमटी ओतली तर विषयच संपला. असे वाडगे सुक्या गोष्टींसाठी. चमक उतरली की पहिल्या दोन चाकांकडे जायची गरज नसते, मेणाचं चाक दोन मिनिटं फिरवलं की काम होतं. दादाच्या हातात ही कला आल्यावर मावशीने पहिल्यांदा काय पुढे केलं असेल, तर पोळपाट. त्याने नकार दिला. रोज पाणी, घासणी आणि कणीक, तिथे मेण आठवडाभरही टिकणार नाही. पोळपाटाला वरचेवर थोडं खोबरेल तेल पुरे. मावशीच्या वाट्याच्या वाडग्यात सध्या लसूण असतो.